घोगऱ्याचं रडगाणं आणि माझं बी.पी.

३ तारीख, सोमवार
वर १७२, खाली १०४

ही वही लाँड्रीच्या डॉक्टरीणबाईंनी दिली. म्हणाल्या, रोज बी.पी. मोजायचं, आकडा लिहायचा, आणि त्या वेळी काय चाललं होतं, कशाचा त्रास झाला, ते खाली लिहायचं. मी म्हटलं, बाई, मी चौथीत शाळा सोडली, माझं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात. म्हणाल्या, मुंग्या चालतील. मी म्हटलं, राग आला तर? म्हणाल्या, तोही लिहा. म्हटलं, मग एक वही पुरायची नाही. त्या हसल्या. मला हसण्यासारखं काही दिसलं नाही.

बी.पी.चं मशीनही त्यांनीच दिलं घरी न्यायला. आणि गोळी. एकतीस तारखेला पुन्हा तपासणी. तोवर वरचा आकडा एकशेचाळीसच्या खाली आला नाही तर मला रोलरवरून, चादरींना इस्त्री करणाऱ्या मशीनवरून, काढणार. गरम मशीनवर चक्कर येऊन पडलात तर जबाबदारी कोणाची, असं घड्याळ्या म्हणतो. घड्याळ्या म्हणजे आमचा सुपरवायझर. माणसाच्या तोंडाकडे कधी बघत नाही, मनगटाकडे बघून बोलतो. तिथून काढून मला तळघरात घालणार, मळक्या चादरी निवडायला. सतरा वर्षं मी रोलरवर उभी आहे. सतरा वर्षांत माझ्या हातची एक घडी वाकडी गेली नाही. आता चालले म्हणे तळघरात.

लिहिता लिहिताच कान गरम झाले. आज एवढंच.


४ तारीख, मंगळवार
१६८ / १००

त्रास कशाचा झाला ते लिहा म्हणाल्या ना? गाण्याचा झाला.

लाँड्रीत रेडिओ लावलेला असतो, मशीनच्या आवाजावर कडी करून. दोन महिने झाले, त्यावर एकच गाणं. आज आठ वेळा लागलं. मी मोजलं. गायकाचा आवाज असा की रात्रभर पावसात बसून आलाय आणि कोणी टॉवेल दिला नाही. मी त्याला घोगऱ्या म्हणते. गिटार टुंग टुंग करतो, ढोलवाला झोपेत वाजवल्यासारखा वाजवतो, आणि हा म्हणतो:

लाव ना, जरा उदास काही लाव,
हसऱ्या गाण्यांनी मला एकटं पाडलंय.

अरे, एकटा पडलास तर चार माणसांत जा! बरं वाटत नसेल तर गोळी घे! मी घेतेच ना? पण नाही. म्हणे उदास गाणं ऐकलं की याला बरं वाटतं. आणि सगळं गाव त्याच्या मागे मान डोलावतंय. रिक्षात तेच, दवाखान्यात तेच, वाण्याकडे तेच. पॅकिंगची चष्मेवाली तर डोळे मिटून ऐकते. मी म्हटलं, "डोळे उघड, चादरी मोजायच्यात." म्हणाली, "ताई, तुला नाही कळायचं, मन हलकं होतं." मी म्हटलं, "तुझं मन आधीच हलकं आहे, वाऱ्याने उडून जाईल." सगळ्या फिदीफिदी हसल्या. ती पण हसली, मेली.

आणि माझ्या समोर भाची. चादरीच्या पलीकडून तीही त्याच्याबरोबर ओठ हलवत होती.

डॉक्टरीणबाई, तुम्हाला काम कळावं म्हणून लिहिते. रोलरमधून चादर निघते ती हात भाजेल अशी असते. दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, ताणायची, दुमडायची. मग चालत एकमेकींकडे यायचं, एकीने आपले कोपरे दुसरीच्या बोटांत द्यायचे, आणि वाकून खालची घडी उचलायची. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. चादर संपली की दुसरी. तासाला सत्तर. पाऊल चुकलं की घडी चुकली. माझ्या समोर सोळा वर्षं माझी धाकटी बहीण होती. नऊ महिन्यांपूर्वी ती वारली. तिची मुलगी माझ्याकडे राहते, आणि तिच्या आईच्या जागी उभी राहते.

म्हणून तळघर नको. एवढंच.


६ तारीख, गुरुवार
सकाळी १७० / १०२
संध्याकाळी १४४ / ९०

मशीन बिघडलेलं आहे.

दंडाला पट्टा एका हाताने बांधता येत नाही. सकाळी दातांनी ओढून बांधला. संध्याकाळी भाचीने बांधून दिला. तिने पाठ टेकून बसायला लावलं, पाच मिनिटं बोलू नकोस म्हणाली. पाच मिनिटं! आणि स्वतः शेजारी बसून फोनवर काय लावलं? घोगऱ्या. हळू आवाजात, पण लावलंच. मला बोलायची बंदी म्हणून मी डोळ्यांनी ओरडत होते. पट्टा फुगला, सुटला, आकडा १४४.

मी म्हटलं, "बिघडलं."
"मावशी, बरोबर आहे ते."
"तुझ्या हाताला बांध."
तिचं आलं ११० / ७०. म्हणजे तरुण माणसांचं बरोबर दाखवतं आणि आमच्याशी खेळ करतं.

मीठ कमी टाकलं होतं भाजीत, त्यानेही असेल.


८ तारीख, शनिवार
१६६ / १००

आज मी गाण्याचा निकाल लावला.

घड्याळ्याशी बोलायचं तर घड्याळाच्या भाषेत बोलावं लागतं. मी त्याला म्हटलं, "साहेब, हे गाणं चार मिनिटांचं. चार मिनिटांत आमच्या जोडीच्या पाच चादरी व्हायला हव्यात. गाणं लागलं की तीनच होतात. पाय ढोलाबरोबर झोपेत चालतात. दिवसाला आठ वेळा लागतं, हिशोब तुम्ही करा." त्याने मनगट बघितलं, मग म्हणाला, "दाखवा."

मग मी दाखवलं. गाणं लागलं. भाची गुणगुणायला लागली, तिला मी थांबून दटावलं. मग तिने तोंड पाडलं, त्याबद्दल थांबून दटावलं. गाणं संपलं तेव्हा बरोबर तीन चादरी झाल्या होत्या. घड्याळ्या म्हणाला, "कमाल आहे." त्याने रेडिओची कळ फिरवून बातम्यांवर आणली आणि वर चिकटपट्टी मारली.

चष्मेवालीने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी तिच्या बापाची जमीन लाटली. बघू दे. मला एकतीस तारीख गाठायची आहे. त्रास गेला, आता बी.पी. उतरेल.


१० तारीख, सोमवार
१७६ / १०६

काल भाची बोलली नाही. आज बोलली नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन चष्मेवालीच्या शेजारी जाऊन बसली. कानामागून आली आणि तिखट झाली, ती ही चष्मेवाली.

दिवसभर बातम्या. कुठे पूल पडला, कोण कोणाला काय म्हणालं. चादर दोनदा रोलरमध्ये अडकली. एकदा मी कोपरे द्यायला पुढे गेले आणि भाची अजून मागेच. हात हवेत. मी म्हटलं, "पाय कुठे ठेवलेस, घरी?" ती म्हणाली, "मावशी, बातम्यांवर कसं चालायचं?"

उलट उत्तर द्यायला आईवर गेलीय.


१२ तारीख, बुधवार
१७४ / १०४

गाण्याला बंदी घातली तर ते सगळ्यांच्या घशात जाऊन बसलं. इस्त्रीवाली गुणगुणते, गाडीवाला शिट्टीत वाजवतो. कोणाला पकडायचं? पकडलं की म्हणतात, आम्ही कुठे काय, तुमच्याच कानात वाजतंय.

घड्याळ्या आला. "बाई, गाणं होतं तेव्हा सगळ्या जोड्यांच्या सत्तर होत्या. आता पंचावन्नवर आल्या." मी म्हटलं, चादरी जाड आल्यात या खेपेला. तो चादर चिमटीत धरून बघायला लागला. आयुष्यात पहिल्यांदा घड्याळ सोडून दुसरं काही बघितलं त्याने.


१४ तारीख, शुक्रवार
मोजलं नाही

भांडण झालं. लिहायचं नव्हतं. पण आता लिहिलं नाही तर कोणाला सांगणार?

कामावरून आलो. ती न्हाणीघरात गेली, कडी लावली, आणि आतून घोगऱ्या सुरू. नळाच्या आवाजात लपवून. एकदा झालं, दोनदा झालं, तिसऱ्यांदा सुरू झालं तेव्हा माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी दार वाजवलं. उघडलं तर डोळे लाल, तोंड सुजलेलं, पाणी वाया चाललेलं.

मी म्हटलं, "हे काय चाललंय? रडायला मुहूर्त लागतो का, बाजा लागतो?"
"मावशी, मला बरं वाटतं त्याने."
"रडून बरं वाटतं? डोळे बघ तुझे!"
"हो. रडून बरं वाटतं. तू आई गेल्यापासून एकदा तरी रडलीस का?"
"रोज मरे त्याला कोण रडे. आणि रडून कोण परत आलंय? तू पाहिलंस का कोणाला आलेलं?"
"तुला तिचं काहीच वाटत नाही. तिच्या जागी मला उभी केलीस आणि घडी सरळ आली की तुझं झालं."

मी तिच्या हातातून फोन घेतला आणि बादलीत टाकला.

टाकला म्हणजे, हातातून गेला. नाही. टाकला.

तिने फोन बाहेर काढला, टॉवेलने पुसला, पिशवीत चार कपडे भरले आणि चष्मेवालीकडे राहायला गेली. जाताना दार आपटलंही नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.


१५ तारीख, शनिवार
१८१ / १०८

पट्टा दातांनी बांधला. कदाचित त्यामुळे जास्त आलं.

भाचीने घड्याळ्याला सांगून पॅकिंगमध्ये बदली घेतली. माझ्यासमोर आता एक लांबडी आलीय, दारात वाकून शिरणारी. तिचे कोपरे माझ्या कपाळाशी येतात. मी कोपरे घ्यायला हात वर करते तेव्हा शरण आल्यासारखी दिसते. दोघी-तिघींनी बघून तोंडं फिरवली. हसत असतील.


१७ तारीख, सोमवार
१७८ / १०६

आज ताशी पंचेचाळीस. घड्याळ्या काही बोलला नाही. तो बोलत नाही तेव्हा समजायचं की कागदावर लिहिलं.

जिन्यावरून तळघरात डोकावून आले. एक म्हातारी हातमोजे घालून चादरी झटकत होती. म्हणाली, "या, या. इथे रेडिओ नाही, शांत आहे बघा." मला शांत जागेचा राग कधी आला नव्हता, आज आला.


१९ तारीख, बुधवार
१८० / १०८

डॉक्टरीणबाई, हे पान तुम्ही वाचू नका. लिहून झालं की पिन मारते.

धाकटी शेवटचे नऊ दिवस इस्पितळात होती. सातव्या दिवशी दुपारी मी तिच्यापाशी बसले होते. पोरगी कामावर गेली होती. धाकटी म्हणाली, "ताई, जरा उदास काहीतरी लाव ना." तिचा फोन माझ्याकडे होता. तिला पहिल्यापासून तसलीच गाणी आवडायची. लहानपणी शेजाऱ्यांच्या रेडिओवर लागली की कुंपणाला कान लावून उभी राहायची आणि नाक ओढत परत यायची. मी चिडवायची, "रडूबाई."

मी म्हटलं, "उदास? इथे काय कमी पडलंय? बरं व्हायचं सोडून रडगाणी कसली मागतेस?" आणि मी विनोदाचा कार्यक्रम लावला. एक माणूस सासूवर विनोद सांगत होता आणि लोक खदखदा हसत होते. धाकटीने तोंड भिंतीकडे केलं.

मी तेवढ्यावर थांबले का? नाही. अंथरूण सारखं करायला उठले, तर खालची चादर निळ्या काठाची. आमच्याच लाँड्रीतली. मधली घडी वाकडी. मी म्हटलं, "ही बघ, वाकडी. ही तुझ्याच हातची असणार."

मरणाऱ्या माणसाला मी हे म्हटलं. आणि घडी काय एकीच्या हाताने पडते? समोर मीच होते ना.

नंतर दोन दिवस ती बोलायची. पाणी दे, पाय दाब, पोरगी जेवली का बघ. गाण्याचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

आणि सात महिन्यांनी हा घोगऱ्या कुठून उगवतो, आणि तिचेच शब्द मला ऐकवतो! दिवसातून आठ वेळा! लाव ना, लाव ना! त्याला कोणी सांगितलं नाही हे मला कळतं. मी वेडी नाही. पण मला म्हणायचंय, बाबा, तू आधी का नाही आलास? तुझं गाणं तेव्हा असतं, दारातून, खिडकीतून, कुठूनही आलं असतं, तर मला लावावं लागलं नसतं. ते आपोआप लागलं असतं.

पिन मारली.


२२ तारीख, शनिवार
१३८ / ८८

हे काय आहे?

साबण आणायला गेले होते. दुकानात घोगऱ्या लागला. बाहेर पडणार होते, पण समोर एक बाई पोत्यासारखी दारात उभी, सरकेना. मग कानावर पडलं तेवढं ऐकावं लागलं. पहिल्यांदाच पुरतं ऐकलं मी ते. मधे एक जागा आहे, तिथे ढोल थांबतो, गिटार थांबतो, आणि हा एकटाच म्हणतो:

दुःखाला माझं नाव ठाऊक आहे,
दोन मिनिटं त्याच्यापाशी बसू दे.

दुकानदार म्हणाला, "बाई, काय हवंय?"
"साबण."
"तो तुमच्या हातातच आहे. मघापासून."
मी म्हटलं, "मग पैसे घ्या की, बघत काय बसलात?" आणि निघून आले. दार अडवणारी ती बाई कधीच गेली होती.

घरी येऊन पट्टा बांधला तर १३८. पुन्हा बांधला, १३६. औषधवाल्याकडे जाऊन त्याच्या मशीनवर बघितलं, तिथेही तेच. म्हणजे उभं राहिल्याने उतरलं. बराच वेळ एका जागी उभी होते ना.


२३ तारीख, रविवार
१७० / १०२

घरात एका जागी अर्धा तास उभी राहिले. पाय दुखले. उतरलं नाही.

आज घर फार नीट आहे. काही हललेलंच नाही.


२६ तारीख, बुधवार
मोजायला कोणी नव्हतं, मग होतं. खाली लिहिते.

संध्याकाळी मशीन पिशवीत घालून चष्मेवालीच्या घरी गेले. तिने दार उघडलं आणि दारातच उभी राहिली.
मी म्हटलं, "बाजूला हो, तुझ्याकडे नाही आले."
"ताई, तू भांडायला आली असशील तर उद्या ये. आज माझं डोकं दुखतंय."
"पट्टा बांधायला आलेय. मला एका हाताने बांधता येत नाही."
"सगळ्या गल्लीत पट्टा बांधणारं कोणी मिळालं नाही?"
"नाही मिळालं."

ती बाजूला झाली. वर चहा टाकते म्हणाली. चष्मेवाली वाईट नाही, चष्मा वाईट आहे.

भाची खाटेवर बसून घड्या घालत होती, कोणाच्या तरी परकराच्या. एकटीने, हनुवटीखाली धरून. मी मशीन समोर ठेवलं. तिने पट्टा बांधला. पाच मिनिटं बोलायचं नसतं, पण मी बोलले. पिन मारलेल्या पानावर होतं ते सगळं सांगितलं. गाणं मागितलं ते, विनोद लावला ते, भिंत, वाकडी चादर. भराभर सांगितलं, एका दमात, नाहीतर अर्ध्यावर राहिलं असतं.

मला वाटलं, आता ही पट्टा सोडून उठेल. उठायलाच हवं होतं. मी असते तर पट्टा माझ्याच गळ्याला आवळला असता.

ती म्हणाली, "मला माहीत आहे, मावशी."
"काय माहीत आहे?"
"आईने सांगितलं होतं. त्याच संध्याकाळी. मी आले तेव्हा तिनेच हसत हसत सांगितलं. चादरीचं पण."
"हसत?"
"हो. म्हणाली, ताईला भीती वाटली की राग येतो. लहानपणी कुत्रं मागे लागलं तर पळायची नाही, कुत्र्यालाच शिव्या द्यायची. म्हणाली, सध्या फार घाबरलीय बिचारी, तिला काही बोलू नकोस."

मी म्हटलं, "मी कुठे घाबरले होते!" इतक्या जोरात म्हटलं की चष्मेवाली चमचा घेऊन बाहेर आली.

मरायला टेकलेली ती, आणि बिचारी मी! बघा ना. हे माझ्या तोंडावर सांगायचं सोडून पोरीजवळ सांगून ठेवलं. मी असते तर तोंडावर सांगितलं असतं. भयंकर राग आला मला. तिच्यावर नऊ महिन्यांत पहिल्यांदा.

आकडा आला १६४ / ९८. भाची म्हणाली, "बोललीस म्हणून जास्त आला."
मी म्हटलं, "फोन चालतोय का तुझा?"
"चालतो. बादलीत पडल्यापासून त्याचाही आवाज घोगरा झालाय."
आणि आधी ती हसली. मी नाही. मी चहा प्याले.

घरी चल असं मी म्हटलं नाही. पिशवी तिचीच उचलली आणि चालायला लागले. ती मागून आली.


३१ तारीख, सोमवार

तपासणी. भाचीने सुट्टी टाकली, मी नको म्हटलं तरी.

डॉक्टरीणबाईंनी पट्टा बांधला. १५८ / ९६. घड्याळ्या दारात कागद घेऊन उभा. त्याने मनगट बघितलं. मी मनात म्हटलं, झालं, चला तळघरात, तिथे शांत आहे.

डॉक्टरीणबाई वही चाळायला लागल्या. मुंग्यांची वरात त्यांनी नीट वाचली, घाई केली नाही. पिन मारलेल्या पानावर आल्या, ते बोटाने चाचपलं, पिन तशीच ठेवली आणि पुढचं उलटलं. मग मागे गेल्या. म्हणाल्या, "सहा तारखेला संध्याकाळी १४४. बावीसला १३८. या दोन्ही वेळी काय केलं होतं तुम्ही?"
"काही नाही. एकदा बसले होते, एकदा उभी होते."
"आणि?"
"आणि काय? मीठ कमी."

भाची वहीत डोकावून म्हणाली, "गाणं चालू होतं. दोन्ही वेळा. तिनेच लिहिलंय."
मी म्हटलं, "तू गप्प बस."
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कुठलं गाणं?"
घड्याळ्याने दारातून सांगितलं, "तेच, हो. चिकटपट्टीवालं."

म्हणजे सगळ्या जगाला माहीत.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एका आकड्यावर मी निकाल देत नाही. थोडं बसा, पुन्हा बघू. लाव गं ते." मी म्हटलं, "दवाखान्यात?" त्या म्हणाल्या, "आता बोलायचं नाही."

भाचीने लावलं. मी समोरच्या भिंतीकडे तोंड करून बसले. टुंग टुंग सुरू झालं. लाव ना म्हणाला. मी मनात म्हटलं, लावलंय की, आता पुढे बोल. मग ती जागा आली, ढोल थांबतो ती. दवाखान्यात फिनेल फार ओततात. डोळ्यांना लागतं. आधी एका डोळ्याला लागलं, मग दोन्ही, मग नाकाला. पदर सापडेना. भाचीने माझ्या हातात हात दिला, तसाच, कोपरे देतात तसा, दोन बोटं आणि अंगठा. पुसायला माझा हात मोकळा राहिला नाही. दुसऱ्या हाताला पट्टा.

घड्याळ्या बाहेर निघून गेला. त्याच्याही डोळ्यांना फिनेल लागलं की काय, कोण जाणे.

१३६ / ८६.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळी चालूच ठेवायची, मीठ कमीच, दोन महिन्यांनी पुन्हा या, आणि वही सोडायची नाही. रोलरवर राहायला हरकत नाही असं लिहून सही केली. मी म्हटलं, "तुमचं मशीनही बिघडलेलं आहे." त्या म्हणाल्या, "असेल."


१ तारीख, मंगळवार
मोजलं नाही. संध्याकाळी मोजेन.

लांबडीला तिच्या मापाची एक लांबडी मिळाली पॅकिंगमधून, दोघी खूश. भाची माझ्यासमोर आली. घड्याळ्या म्हणाला, "बाई, ताशी सत्तर." मी म्हटलं, "तुम्ही घड्याळ बघा, रेडिओ मी बघते." आणि स्टुलावर चढून ती चिकटपट्टी काढली. घट्ट मारली होती मेल्याने. नखाने निघेना, शेवटी दातांनी काढली. हल्ली माझे दात फार कामाला येतात.

गाणं लगेच लागलं असं नाही. आधी जाहिराती, मग एक आनंदी गाणं, त्यावर कोणाचे पाय नीट पडेनात. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "माझ्या तोंडावर काय लागलंय? चादरी बघा."

अकराच्या सुमाराला टुंग टुंग झालं. चष्मेवालीने डोळे मिटले. मी काही म्हटलं नाही. निळ्या काठाची खेप होती. भाची मागे गेली, मी मागे गेले. ताणली, दुमडली, पुढे आलो. तिची बोटं गार आहेत, आईसारखी, गरम चादर धरूनही गार. तिने कोपरे दिले. मी घेतले. मधली घडी मी मुद्दाम बघितली. बोटभर वाकडी होती.

तशीच ठेवली.

आवाज अजून घोगराच आहे त्याचा. कोणीतरी गुळण्या करायला सांगा. पण धाकटे, घे, लावलं बघ. आता तोंड इकडे कर.